अक्काला न पडलेलं आठाचं दान

दुपारची भांडी घासून झाली, ओटा पुसून झाला, की सावद्यात आमच्या गल्लीत अगदी सामसूम होते. केळीच्या गाड्या सकाळीच भरून गेलेल्या असतात. समोरच्या घराला कुलूप, शेजारचे दोघं नवरा-बायको नोकरीवर. आमचे हे गेल्यापासून मळा बटाईने दिलेला, मुलगी सुरतेला. मग मी काय करायचं, तर जमिनीवर जाजम अंथरायचं, त्यावर पट मांडायचा, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून स्पीकरवर टाकायचा आणि धुळ्याला अक्काला फोन लावायचा.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमचं माहेर शिंदखेड्याकडचं. आई-वडील नाहीत, भाऊ नव्हताच, त्यामुळे माझं माहेर म्हणजे अक्का. तीही एकटीच. मुलगा पुण्याला. तिच्याकडेही तसाच पट, तशाच चार कवड्या. आईने एकाच पिशवीतल्या कवड्या आम्हा दोघींना वाटून दिल्या होत्या. ती तिच्या कवड्या टाकायची आणि दान सांगायची, मी माझ्या टाकायची आणि सांगायची. दोघींच्याही सोंगट्या दोन्ही पटांवर सरकायच्या. म्हणजे मला तसं वाटायचं.

"काय व, जेवनी का?"

"जेवनी. टाक तू."

"टाकनू. तीन पडनात."

असं आमचं चालायचं. मध्ये दुधाचा भाव, कोणाच्या सुनेला काय झालं, कोणाचे गुडघे बदलले, सगळं. आमची अहिराणी ऐकून इथली दूधवाली बाई हसते. तिच्या कानाला सावद्याकडचं बोलणं सवयीचं.

खेळ तुम्हाला सांगून ठेवते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पाच आडवी, पाच उभी अशी घरं. सोंगटी बाहेरून फिरत फिरत मधल्या घरात न्यायची. चार कवड्या टाकायच्या, जितक्या उघड्या, म्हणजे तोंड वर करून पडल्या, तितकी घरं पुढे. चारही पालथ्या पडल्या तर मात्र आठ घरं. ते सगळ्यात मोठं दान. आणि मधल्या घरात जायला नेमकं दान पडावं लागतं. एक घर राहिलं असेल तर एकच पडला पाहिजे, दोन पडले तर सोंगटी जागची हलत नाही. दारात येऊन ताटकळायचं.

आता गणिताचं. मी दहावीपर्यंत शिकले आणि लग्न झालं. गणित आवडायचं, पण आवडून काय करणार? हे गेल्यावर पहिल्या वर्षी मला झोप नव्हती, जेवण नव्हतं, टीव्हीवरच्या मालिकांत सगळ्यांचं भांडण. त्यात एकदा मोबाइलवर कुठलं काय दाबलं गेलं आणि एक तरुण मास्तर फळ्यापुढे उभा राहिला. नाणं उडवत होता. म्हणत होता, पहिला छापा पडेपर्यंत सरासरी किती वेळा उडवावं लागेल? मी लाटणं हातात धरून बघत राहिले. पोळी करपली. त्या प्रश्नाचं उत्तर दोन येतं, आणि ते का येतं हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं, तेव्हा सांगायला घरात कोणी नव्हतं. मी आपलं अंगणात जाऊन तुळशीला पाणी घालून आले.

तेव्हापासून ते वेडच लागलं. याला अपेक्षित मूल्य म्हणतात. एकदा टाकलं तर काय पडेल हे देवही सांगणार नाही, पण पुष्कळदा टाकत राहिलं तर सरासरी किती पडेल, ते सांगता येतं. आणि ते काढायला आधी मोजता आलं पाहिजे की एखादी गोष्ट किती तऱ्हांनी घडते. मी माझ्या चार कवड्यांपैकी एकीला हळद लावली, एकीला कुंकू, एकीला काजळ, एक कोरी ठेवली. म्हटलं बघू, दोन उघड्या पडायच्या तर कोणकोणत्या दोन? हळद-कुंकू, हळद-काजळ, हळद-कोरी, कुंकू-काजळ, कुंकू-कोरी, काजळ-कोरी. सहा. एकच उघडी पडायची तर चार तऱ्हा. चारही पालथ्या पडायची तऱ्हा फक्त एक. सगळ्या मिळून सोळा. त्या दिवशी मी अक्काला फोनवर हे सांगितलं.

"मास्तरीणबाई," अक्का म्हणाली, "तुले घरमा दुसरं काम नही का? आते काय कवड्यास्ले बी शाया शिकाडशी?"

"तू हस. पन दोनचं दान काब्र जास्त पडस, ते माले आते समजनं."

"ते माले पहिलेपाईन मालूम शे. टाक."

अक्काला ते खरंच माहीत होतं. सगळ्या खेळणाऱ्या बायकांना माहीत असतं. पण किती जास्त, हे मला हवं होतं.

पुढच्या व्हिडिओत मास्तरांनी डायनॅमिक प्रोग्रॅमिंग शिकवलं. नाव मोठं, पण घरातल्या बाईला कळेल असं आहे. शेवटाकडून सुरुवात करायची. मधल्या घरात पोचलं तर आणखी किती दानं लागतील? शून्य. एक घर आधी असेन तर? एकच्या सोळातल्या चार तऱ्हा, म्हणजे चारात एकदा, म्हणून सरासरी चार दानं. आता दोन घरं आधी असेन तर? दोन पडले तर पोचलेच, एक पडला तर मी त्या एका घरावर आले, आणि तिथलं उत्तर तर आधीच काढून ठेवलंय, चार. ते वापरायचं. कालच्या दह्याचं विरजण आजच्या दुधाला, आजच्याचं उद्याच्या. प्रत्येक घराचं उत्तर मागच्या घराच्या उत्तरातून लागत जातं, पुन्हा पहिल्यापासून काही करावं लागत नाही.

दोन घरांचं उत्तर आलं तीन आणि वर थोडं. म्हणजे बघा, दोन घरं लांब असलेली बाई दारात उभी असलेल्या बाईच्या आधी घरात जाते! मी तीन वेळा करून पाहिलं. बरोबरच होतं. इतकी वर्षं खेळतोय आणि आम्ही दोघीही धावत धावत सोंगटी दारात नेऊन उभी करायचो.

मग मी रोजच्या डावाशी ताडून बघायला लागले. दारात आल्यावर सोंगटीला आत जायला किती दानं लागतात? माझा हिशोब म्हणत होता, चार. पण माझ्या सोंगट्यांना सरासरी तीनच्या आसपास लागत होती. आणि अक्काच्या? सहा, सात, कधी नऊ. दोघींचंही चुकत होतं, एकीचं इकडे, एकीचं तिकडे. म्हटलं आपल्यालाच येत नाही. दहावीची बाई, चालली मोठी हिशोब करायला.

चूक मला दोन-तीन आठवड्यांनी सापडली. मास्तर नाणं उडवत होते आणि मी कवड्यांना नाण्यासारखं धरून चालले होते. कवडी काय नाणं आहे? तिची पाठ फुगीर, तोंड चपटं. ती निम्म्या वेळा उघडी आणि निम्म्या वेळा पालथी कशी पडेल? जन्मभर ज्या वस्तूने खेळले तिच्याकडे न बघता फळ्यावरच्या नाण्याकडे बघत बसले. मग मी रोज दुपारी फोनच्या आधी नुसत्या कवड्या टाकायला लागले. त्या पालथ्याच जास्त पडतात. दहातून चारदा उघडी, सहादा पालथी, असं साधारण. तसं धरून पुन्हा सगळा पट शेवटाकडून सोडवत आणला. दारातल्या सोंगटीचं उत्तर आलं तीनच्या जवळ. माझं जुळलं! मला एवढा आनंद झाला की मी चहात दोनदा आलं घातलं.

पण अक्काचा फरक त्यामुळे आणखीच वाढला. आणि दुसरी एक गोष्ट दिसली. पालथ्या जास्त पडतात म्हटल्यावर आठाचं दानही बऱ्याचदा पडायला हवं, सात-आठ दानांत एखादं तरी. मला पडत होतं. अक्काला मात्र आठ पडल्याचं मला आठवेचना. चारचं दानही नाही. दोन, तीन, दोन, एक, तीन, दोन. किती दिवस झाले? होळी होऊन गेली तरी नाही.

कवड्या तर एकाच पिशवीतल्या.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला, असं मला वाटलं. अक्का मुद्दाम खोटं दान सांगतेय. लवकर जिंकायचं नाही, आठ सांगायचा नाही, म्हणजे डाव लांबतो. डाव लांबला की फोन लांबतो. अक्काही माझ्यासारखीच, दुपार सरत नाही तिची. त्या दिवशी मी फोन ठेवल्यावर जाजमावरच बसून राहिले. आपल्याशी बोलता यावं म्हणून कोणी हरत राहतंय, हे कळल्यावर कसं वाटतं सांगू? रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं. मी तिला काही बोलले नाही. उलट मीही कधी कधी दारात जरा रेंगाळायला लागले.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी धुळ्याला गेले. आमच्याकडे आखाजीला लेकीने माहेरी जायचंच. लहानपणी आम्ही निंबाच्या झाडाला झोके बांधायचो, पुरुषमाणसं पारावर पत्ते कुटत बसायची, त्या दिवशी त्यांना कोणी बोलायचं नाही. आणि आई-काकू कवड्या घेऊन बसायच्या. त्यात एक रीत अशी की आखाजीचा पट ज्याने त्याने आपल्या हाताने टाकायचा, आणि डाव पुरा झाल्याशिवाय उठायचं नाही.

सांजोऱ्या मी घरून करून नेल्या होत्या. अक्काने दार उघडलं, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, खूप वेळ धरून ठेवला. वाळलीस म्हणाली. मी काही वाळले नव्हते. पितरांची घागर भरून झाली, वर खरबूज ठेवलं, पुरणपोळी नि आमरस जेवलो. पोळ्या मीच केल्या. दुपारी मी पट काढला.

"आज नको व," अक्का म्हणाली. "मनं डोकं दुखस."

"आखाजीले पट नको? आई वरथून बोली तुले."

"मंग तूच टाक, मन्या कवड्या बी तूच टाक."

"वा वा! आखाजीले दुसराना हातघाई कोनी खेयस का?"

तिने कवड्या घेतल्या. ओंजळीत खुळखुळवल्या, तशाच, आई खुळखुळवायची तशा. आणि टाकल्या.

चारही पालथ्या पडल्या. माझ्या तोंडून 'आठ' निघणार, इतक्यात अक्का म्हणाली, "दोन."

ती पटाकडे बघत होती. म्हणजे मान पटाकडे होती. मी तिची सोंगटी दोन घरं सरकवली. कवड्या उचलल्या, माझं दान टाकलं, सांगितलं, सरकवलं. पुन्हा तिची पाळी. या वेळी तीन उघड्या पडल्या.

"एक," अक्का म्हणाली.

मी सोंगटी तशीच धरून बसले. 

"अक्का. तुले दिखत नही ना?"

"दिखस ना. उजेड दिखस. तू बठेल शे ते दिखस." मग म्हणाली, "तुन्हं तोंड दिखत नही."

"कितला दिन व्हयनात?"

"दिवाळीपाईन. साखर उतरत नही, डोयास्वर गई."

"मंग इतला दिन आकडा कशा सांगे तू?"

"मनमा ये तो सांगू. पहिले बोटघाई चाचपी पाहे, पन बोटं बी बधिर. हात लावा की कवडी पलटी जास." ती थोडी हसली. "तू सोंगट्या कोठे शेतस ते सांगे, तेवढं माले पुरे."

"आनि आठ? एक डाव बी आठ काब्र नही सांगे?"

"बिनदेखता आठ सांगू?" अक्का एकदम करारी आवाजात म्हणाली. "ती ते चोरी व्हई!"

मला हसू आलं. माझ्या हिशोबाने काहीतरी बिघडलंय हे बरोबर सांगितलं होतं. काय बिघडलंय ते मी माझ्या मनाचं, मला आवडेल असं ठरवून मोकळी झाले होते.

"पोऱ्याले सांगू नको," ती म्हणाली. "तो माले लई जाई. तठे नववा मजलावर मी काय करसू? तो नि सून सकायपाईन संध्याकायलोंग बाहेर. आठे माले बठ्ठं मालूम शे, भिंत कोठे, मोरी कोठे. आनि दुपारले तू शे."

आनि दुपारले तू शे. मी हातातली सोंगटी तीन घरं सरकवली.

डाव आम्ही पुरा केला. रीत होती ना. तिची दानं मी खरी सांगत गेले आणि अक्का जिंकली.

त्या संध्याकाळी मी गच्चीवर वाळवण गोळा करता करता हिशोब मांडायला लागले. सवय लागलेली. सांगितलं नाही तर काय काय होऊ शकतं, गॅस, जिना, गोळ्यांची अदलाबदल, आणि ते किती वेळा. सांगितलं तर काय जाईल. एका पारड्यात काय आणि दुसऱ्यात काय. थोडं पुढे गेले आणि थांबले. सरासरी कशाची काढतात? जे पुन्हा पुन्हा टाकता येतं त्याची. एक डाव गेला तर दुसरा मांडतात. अक्का मला कुठे पुन्हा मांडता येणार होती? आणि खरं सांगायचं तर सांगितलं तर काय जाईल, त्या पारड्यात अक्काचं घर होतं आणि माझ्या दुपारी होत्या, आणि त्या माझ्या दुपारी मी जरा जास्तच जड धरत होते.

सकाळी तिने चहा केला. मला करू दिला नाही. मी उंबऱ्यात उभी राहून बघत होते. तिने आधण ऐकून ओळखलं, साखर चमच्याने नेमकी घातली, गॅस चापकन बंद केला. मला वाटलं, चाललंय की बाईचं. मग ती कपात चहा ओतायला लागली. कप किती भरला हे कळावं म्हणून तिने एक बोट कपाच्या आत धरलं होतं. चहा चढत चढत बोटापर्यंत आला. उकळता चहा. बोट तसंच. ती ओततच होती. चहा कपावरून बशीत आला तेव्हा बशीचा आवाज बदलला, त्यावरून तिने हात थांबवला.

मी तिचं बोट पाण्याखाली धरलं. लालभडक झालं होतं. ती म्हणत होती, काय व्हयनं, काय व्हयनं, काब्र वढस?

"अक्का," मी म्हटलं, "तू सांगस का मी सांगू?"

तिने बोट पाण्याखालून काढून पदराला पुसलं. नळ चालू होता. मग म्हणाली, "फोन लाव."

मी लावला आणि तिच्या हातात दिला. तिने मुलाला स्वच्छ शब्दांत सांगितलं, रडली नाही, विनवलं नाही. फक्त शेवटी म्हणाली की घाई करू नको, आखाजी होऊ दे. आखाजी तर कालच झाली होती.

भाचा दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आला. चांगला मुलगा आहे, मला वाईट म्हणवत नाही. आईच्या गोळ्या, कागद, साड्या भरता भरता त्याने विचारलं, "मावशी, आम्ही दर पंधरा दिवसांनी येतो, आम्हाला नाही कळलं. तुम्हाला फोनवर कसं कळलं?"

"मलाही नाही कळलं रे," मी म्हटलं. "तिला आठ पडत नव्हता, एवढंच कळलं होतं."

"म्हणजे?"

मी सांगायला लागले, सोळा तऱ्हा, पालथ्या कवड्या, दारातली सोंगटी. तो बॅग अर्धी भरलेली सोडून पलंगावर बसला आणि ऐकत होता. पण मध्येच शेजारच्या बायका अक्काला भेटायला आल्या, मग डोळ्यांच्या डॉक्टरांचा फोन आला, आणि ते तसंच राहिलं. पुढे तपासल्यावर एका डोळ्याला थोडी आशा आहे म्हणतात. दुसऱ्याचं नक्की सांगत नाहीत.

निघताना अक्काने घरातल्या प्रत्येक भिंतीला हात लावला. नमस्कार वगैरे नाही, नुसता हात लावत गेली, मोरीपर्यंत. मला म्हणाली, "रडू नको, मोठी व्हयनी आते." मी सत्तरीला टेकलेय. गाडी देवपुरातल्या तिच्या गल्लीतून वळेपर्यंत मी हात हलवत होते. तिला तो दिसणार नव्हता, पण मग करायचं काय हाताचं?

मला जळगावची गाडी पकडायची होती. एसटीत खिडकीची जागा मिळाली. पारोळा, एरंडोल, सगळीकडे ऊन मी म्हणत होतं. जळगावला बदलून सावद्याला आले. कुलूप उघडलं तर घर तापलेलं, आतली हवा कोंडलेली. पंखा लावला, पाणी प्यायले. एरवी मी धुळ्याहून आले की पहिलं काम फोन करायचं, पोचले म्हणून. अक्काला त्याशिवाय चैन पडायची नाही.

फोन हातात घेतला आणि ठेवला. तिच्या धुळ्याच्या घरात तर कोणीच नाही, असं मनात आलं. माझं डोकं बघा, फोन काय घराला बांधलेला असतो? मग लावला.

बराच वेळ वाजला. भाच्याने तिच्या हातात दिला असणार, गाडीचा आवाज येत होता.

"पोचनी का व?"

"पोचनी. तू कोठे शे?"

"माले काय दिखस व?" अक्का मोठ्याने, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली. "पोऱ्या म्हनस, संगमनेर गयं."